घोंगडीवरून नमस्कार

वलणीच्या तारेवर ओला सदरा टाकताना निवृत्तीच्या बोटांना कुणीतरी आतून चिमटा काढल्यासारखं झालं. हात आपोआप मागे आला, सदरा गॅलरीच्या फरशीवर पडला आणि तो आपल्याच तळहाताकडे परक्याचा असावा तसा पाहत राहिला. तार साधीच, या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेली, चाळीतल्या सगळ्यांच्या कपड्यांनी मध्ये झोळ आलेली. वर पाहिलं तेव्हा कळलं. शेजारच्या बिऱ्हाडात गेलेली विजेची वायर खिळ्यावरून निसटली होती, आणि तिचं काळं कातडं जिथे भेगाळलं होतं नेमकी तिथेच ती वलणीच्या तारेला टेकली होती. एवढीशी जागा. "हात लावू नको गं, करंट उतरलाय," तो म्हणाला. पण मागून बादली घेऊन आलेल्या सुमनने तोवर बोटाच्या पाठीने तार शिवून घेतलीसुद्धा, तवा तापलाय का बघावा तशी. "अगं बाई!" करून तिने हात झटकला आणि चक्क हसली. "अहो, अगदी तस्संच! बुवांच्या पायांला हात लावला का मला अस्संच होतं बघा. हिथून हिथवर." ओल्या बोटांपासून कोपरापर्यंत तिने दाखवलं, आणि खाली पडलेला सदरा उचलून पुन्हा बादलीत खळबळायला लागली.

निवृत्तीने कोपऱ्यातली कपडे वाळत घालायची काठी घेतली. कोरडी आहे ना हे दोनदा चाचपून पाहिलं, आणि वायर तारेवरून दूर सारली. मग जिन्याखाली जाऊन चाळीचं मेन बंद केलं, शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, वायरमनला निरोप धाडायला लावला. हे सगळं हातांनी केलं. तो एकलहऱ्याच्या वीजघरात टाइम ऑफिसात कारकून. यंत्रांशी त्याचा संबंध नव्हता, पण कवटी आणि तांबडी वीज काढलेल्या पाट्यांखालून रोज जात-येत माणसाचे हात आपोआप शहाणे होतात. मन मात्र तिथेच उभं होतं, तारेखाली, सुमनच्या त्या वाक्यापाशी. अगदी तस्संच. आता खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा वाटला तो आनंद. घशापर्यंत चढलेला, गोड, निलाजरा आनंद. म्हणजे ते तेच होतं तर. एवढंच होतं. आनंद ओळखीचा वाटेना, म्हणून त्याने तो जरा वळवून पाहिला, आणि मग त्याला स्वतःची शिसारी आली.

आणीबाणी उठली त्या सालच्या कार्तिकात, एकादशीच्या कीर्तनाला सुमन पहिल्यांदा आली ती केवळ घरात एकटीला करमेना म्हणून. तोवर कीर्तन म्हणजे नवऱ्याचं वेड, एवढंच तिला ठाऊक. माहेर पिंपळगावचं, कांद्याच्या खळ्यातलं. तिथल्या सप्ताहात ती लहानपणी जेवणाच्या पंगतीपुरती बसायची, असं तीच सांगे. आली तेव्हा पदराखाली निवडायला तांदूळ घेऊन आली होती. पूर्वार्धात तिला डुलकी लागली, हे त्याने टाळ वाजवता वाजवता पाहिलं आणि शरमेने टाळाचा ठेका चुकता चुकता राहिला. आणि शेवटी गजर चालू असताना लोक बुवांच्या पाया पडायला रांगेने निघाले, तशी तीही निघाली, खाली वाकली, हात लावला आणि "विठ्ठला!" म्हणून अशी थरारली, की मागची बाई दचकली. डोळ्यांतून पाणी. बुवांनी गजर न थांबवता तिच्या डोक्यावर हात ठेवला. कीर्तन संपल्यावर ते माइकपाशीच म्हणाले, "या माउलीचा भाव माझ्या पायांतून वर चढला हो. माझ्यासुद्धा हाताला मुंग्या आल्या." सगळ्या सभामंडपाने वळून सुमनकडे पाहिलं, आणि मग ज्याची ती बायको, त्या टाळकऱ्याकडे. निवृत्ती हसला. त्या दिवशी तो किती हसला होता! गाल दुखेपर्यंत.

त्यानंतर ते कधी व्हायचं, कधी नाही व्हायचं. सुमनलाच असंही नाही. आणखी दोघीतिघींना, एका म्हाताऱ्या पेन्शनराला, एकदा तर दारू सोडलेल्या एका टेम्पोवाल्याला. कधी येई, कधी येत नसे, म्हणून तर ते कृपेसारखं वाटे. रोज आलं असतं तर कुणीतरी तपासलं असतं. पण सुमनला सगळ्यांत जास्त वेळा. आणि ती त्याचं काही करत नसे, हेच त्याला सोसत नसे. मिरवली असती, डोळे मिटून घरात बसली असती, उपास धरले असते, तर निवृत्तीला तिला दांभिक म्हणता आलं असतं. ती घरी येऊन चूल पेटवायची. वरणाला फोडणी द्यायची. "आज लय झालं बाई," एवढं म्हणून लसूण सोलायला घ्यायची. तो भाकरीचा घास मोडताना तिच्या हातांकडे पाहत राही. रुंद तळवे, नखांत पीठ, उजव्या अंगठ्यावर विळीचा जुना व्रण. या हातांत काय आहे? आपल्या हातांत काय नाही?

कारण निवृत्तीने काय कमी केलं होतं? बापाने खांद्यावर बसवून सप्ताहांना नेलं होतं त्याला, चालता यायच्या आधी टाळ हातात दिले होते. ज्या वयात पोरं विटीदांडू खेळतात त्या वयात तो चाल ऐकून सांगायचा, की आता बुवा अभंग सोडून दृष्टांताला जाणार. कीर्तन ऐकताना त्याच्या छातीत जे होई ते त्याला कुणाला सांगता आलं नाही कधी. बुवा आवाज खाली आणतात, मृदंग बोटांवर येतो, सगळी सभा श्वास धरते, आणि मग एकदम गजर उसळतो, तेव्हा त्याला वाटे, आपण आहोत ते याच्यासाठी. टाळकऱ्यांचा मान त्याने असाच वर्षानुवर्षं उभं राहून मिळवला होता. बुवांच्या पाठीशी टाळकऱ्यांची ओळ, त्यांच्या पायांखाली जाड काळी घोंगडी. आणि त्या देवळाची रीत अशी की पहिला नमस्कार टाळकऱ्यांचा, जागा न सोडता, मागूनच, घोंगडीवरून. लोकांनी खाली दगडावरून यायचं, रांगेत. हा मान त्याच्या बापालाही मिळाला नव्हता. तो दर वेळी वाकायचा, बुवांच्या टाचांना दोन्ही हातांनी स्पर्श करायचा, डोळे मिटायचा आणि वाट पाहायचा. टाचा गरम असत, थोड्या भेगाळलेल्या. बाकी काही नाही. शेजारचा सावळीराम टाळकरी म्हणायचा, "मला तर बुवा काहीच होत नाही. भूक लागते तेवढी." आणि पोट धरून हसायचा. निवृत्तीला त्याच्या त्या हसण्याचाही हेवा वाटायचा.

शेवटी पौषात एकदा, बुवा एकटे असताना, त्याने विचारलंच. कोंडाजी बुवा सिन्नरकडचे, अंगाने आडवे, मनाने लोण्यासारखे. "महाराज, माझ्यात काय खोट आहे?" बुवांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि ते म्हणाले, "निवृत्ती, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून जेवणाऱ्याला आपल्या घासाची चव लागत नाही रे." प्रेमाने म्हणाले. पण म्हणजे बुवांना कळलं होतं. पाठीवर थोपटलेल्या त्यांच्या हाताचं ओझं त्याने घरापर्यंत आणलं आणि त्या रात्री सुमनशी तो मिठावरून भांडला.

आता सगळं कसं चित्रासारखं समोर येत होतं. दिवाळीच्या सुमारास फकिराने सेकंडहँड अँप्लिफायर आणला होता. भोंगेवाला फकिरा, देवळाचं काम फुकट करायचा, मनाने भला. बुवा लाकडी पाटावर उभे. गजरात एक हात कायम माइकच्या लोखंडी दांड्यावर. टाळकरी लोकरीच्या घोंगडीवर, कोरडे ठणठणीत. आणि समोरचा दगड ओला, कारण मालनबाई. मालनबाई म्हणजे देवळाची सडा-रांगोळी करणारी. म्हातारी कीर्तनाआधी घागरींनी पाणी ओतून बुवांच्या पुढ्यातली फरशी धुवायची, निववायची. रांगेतल्या माणसाने अनवाणी त्या ओल्या दगडावर उभं राहून हात लावला की वीज बुवांच्या अंगातून वाट काढून दगडात उतरत होती. सुमन रांगेत पुढे असायची म्हणून तिला जास्त. पुढचा दगड सगळ्यांत ओला. आणि त्याला काही नाही, कारण तो मानाने उभा होता. खोट नव्हती त्याच्यात. घोंगडी होती. हे सुचलं तेव्हा त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि हसू ओठांवर यायच्या आधीच त्याला बैल दिसला.

बापाच्या मळ्यात नवी मोटर बसवली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. विहिरीच्या पाइपाला पाण्याचे थेंब डवरायचे, पाखऱ्या बैल ते चाटायचा. मुंग्या येत असणार त्याला, कारण चाटला की मान झटकायचा, आणि पोरं हसायची, बैल नाचतो म्हणून. निवृत्तीही हसायचा. एक दिवस आतलं काहीतरी पुरतं सोललं असेल. बैलाने जीभ लावली आणि तो पुढच्या गुडघ्यांवर बसला. पडला नाही, हंबरला नाही. नुसता बसला, नमस्कार करावा तसा, आणि मान पाइपाला टेकवून तसाच राहिला. बापाला वाटलं, दमला. ते बसणं निवृत्तीच्या स्वप्नात बरीच वर्षं येत असे. आज गॅलरीत भर सकाळी आलं, आणि बैलाच्या जागी हिरव्या लुगड्यातली सुमनची पाठ होती.

"सुमन," तो आत येऊन म्हणाला. ती आरशापुढे कुंकू लावत होती. आज सप्ताहाचा शेवटचा दिवस, चैत्रातला. सकाळी काल्याचं कीर्तन, मग दहीहंडी, मग पंगत. "बुवांच्या पायाशी जे होतं ना, तो करंटच आहे. माइक मारतोय."

"हा तारेतला करंटच हाय," ती म्हणाली. "तो नाय."

"अगं, तूच आत्ता म्हणालीस, अगदी तसंच."

"मंग? साखर बी पांढरी आन् मीठ बी पांढरं." ती हसली. "तुम्हां पावरहाऊसवाल्यांला सगळीकडं करंट दिसतो."

"थट्टा नाही करत मी. आज पाया पडू नकोस. दुरून हात जोड. आज दह्याने सगळा दगड ओला होणार आहे."

सुमनने कुंकवाची डबी मिटली. वळून त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि अगदी हळू, रागाशिवाय म्हणाली, "पोट दुखतं तुमचं?"

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. कार्तिकापासून. भाकरी वाढताना, अंथरूण घालताना, त्याच्या सदऱ्याला बटण लावताना. ठाऊक असून ती कधी बोलली नव्हती. तिचं म्हणणं खरं होतं; आणि त्याचंही खरं होतं. दोन खरी एकाच तोंडात मावत नव्हती. तो टाळ घेऊन बाहेर पडला.

जेलरोडच्या कडेच्या त्या गल्लीत देऊळ लहानसंच. बाहेर मांडव, आत दगडी सभामंडप, मधोमध दोरीला टांगलेली रंगवलेली हंडी. मालनबाईची तिसरी की चौथी घागर चालली होती. "मालनबाई, आज पाणी नका घालू एवढं," निवृत्ती म्हणाला. "माइकमध्ये वीज उतरतेय. ओल्या दगडावर धोका आहे."

"दगड तापलाय बघ की, पापड भाजतील त्याच्यावर," ती म्हणाली. "माझ्या बुवांचे पाय पोळले म्हंजे?"

"बुवा पाटावर असतात."

"आन् लेकीबाळी?" म्हातारीने घागर कमरेवर घेतली आणि त्याच्याकडे तिरपं पाहिलं. "निवृत्ती, बायकोला पाझर फुटतो आन् आपला खडक कोरडा, म्हणून दुसऱ्याचं पाणी बंद करत्यात का रे?" दारातल्या बायका हसल्या. वाईट हेतूने नव्हे. घरच्या माणसाला हसतात तशा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं तर. आपला मत्सर आपण किती आत, किती खोल पुरून ठेवला होता, आणि तो इथे दारात लोळत पडला होता, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत.

फकिरा कोपऱ्यात वायरींच्या गुंत्यात बसला होता. "थोडं मारतोच रे माइक," तो म्हणाला. "कोणता मारत नाही? कधी वायर अशी खोचली तर मारतो, उलटी खोचली तर नाही मारत. आता रोज कोण लक्षात ठेवणार." त्याने दाखवलं. पिन नव्हतीच. दोन उघडी टोकं भिंतीतल्या भोकांत घातलेली आणि सुटू नयेत म्हणून आगपेटीतल्या काड्या ठोसलेल्या. निवृत्तीच्या डोळ्यांपुढे कार्तिकापासूनचा एकेक दिवस उभा राहिला. कृपेचे दिवस आणि कोरडे दिवस, सुमनचं रडणं आणि बुवांच्या हातच्या मुंग्या, सगळं या दोन टोकांच्या अदलाबदलीवर. "आता उलटी कर," तो म्हणाला. "पिन बसव. नाहीतर माइकच नको." फकिराने त्याच्याकडे पाहिलं. "गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायला पाहिजे, कमिटीने सांगितलंय. आत्ता हात घातला तर भोंगा बंद पडेल, मग मला शिव्या. दुपारी बघतो ना यार. आणि तू का एवढा तापलायस?"

बुवांच्या कपाळाला बुक्का लागत होता तेव्हा निवृत्ती त्यांच्यापर्यंत पोचला. "महाराज, आज माइकच्या दांड्याला हात लावू नका. आणि पाया पडू देऊ नका कुणाला." हे बोलताना त्याच्या लक्षात आलं, की आपला आवाज मागणाऱ्याचा आहे, सांगणाऱ्याचा नाही. बुवांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. ती दया निवृत्तीला चपराकीसारखी लागली. "मिळेल रे तुलाही," बुवा म्हणाले. "आज काल्याचा दिवस. आज कुणाचं बंद करू नये."

पुढे तो टाळ वाजवत होता एवढंच त्याला माहीत. बुवा त्या दिवशी असे रंगले, की एरवी निवृत्ती त्या कीर्तनावर महिनाभर जगला असता. गोपाळांच्या शिदोऱ्या उघडल्या गेल्या. कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाचा नुसता कांदा. "देवाने काय केलं?" बुवांनी आवाज खाली आणला. "देवाने सगळ्यांचं एकात कालवलं. आता सांगा, कुणाचं काय होतं?" सभेने श्वास धरला. निवृत्तीच्या छातीत काही झालं नाही. तो बायकांच्या बाजूला पाहत होता. सुमन पुढच्या ओळीत, मांडीवर हात उलथे ठेवून, तोंड थोडं उघडं टाकून ऐकत होती. आता तिला डुलकी येत नव्हती. आपण जाऊन वायर काढली तर? लोक म्हणतील, जळला. आणि ते खरंच असेल. वाचवायला हात पुढे जाईल तो कोणाचा? नवऱ्याचा की मत्सराचा? हात एकच. जर हे मी तिच्या जिवासाठी करतोय, तर सकाळी मला आधी आनंद का झाला? आणि जर तिचा थरार हिरावून घ्यायलाच करतोय, तर न करणं हेच पुण्य नाही का? एक क्षण त्याला खरोखर तसं वाटलं. न करणं हा त्याग आहे, मन मोठं करणं आहे, तिला तिचं राहू द्यावं. केवढा सात्त्विक विचार! टाळांच्या मधून त्याला तो विचार गोड वाटला, आणि त्या गोडव्यावरूनच त्याने ओळखला. सकाळच्या आनंदाचाच हा भाऊ होता, कपाळाला बुक्का लावून आलेला.

हंडी फुटली. दही, पोहे, ताक बुवांच्या पाटापुढे पसरलं, मालनबाईच्या पाण्यात मिसळलं, दगड दुधासारखा पांढरा झाला. गजर सुरू झाला. राम कृष्ण हरी. फकिराने आवाज वाढवला तसा भोंग्यांत एक जाड गुंजन भरलं. टाळकरी वाकले, सावळीराम वाकला. निवृत्ती वाकला नाही. बुवांचा हात दांड्यावर गेला होता. रांग निघाली. आज मालनबाई सगळ्यांच्या पुढे, तिच्या मागे एक पोरगेलीशी बाई कडेवर मूल घेऊन, तिच्या मागे सुमन. मालनबाई ताकाच्या थारोळ्यात गुडघे टेकून वाकली. हात लागला आणि ती ओरडली. विठ्ठल नव्हे, नुसतं "आई गं!" लोकांनी एकच गजर केला, टाळ्या, आनंद, म्हातारीला आज मिळालं! पण निवृत्ती मागून, उंचावरून पाहत होता. त्याला बोटं दिसत होती. मालनबाईची बोटं बुवांच्या घोट्यावर मिटली होती आणि सुटत नव्हती. बुवांचं तोंड गजराच्या मध्येच उघडं राहिलं होतं. म्हातारी गुडघ्यांवर बसलेली, मान पुढे.

विचार वगैरे काही राहिला नाही. टाळ घोंगडीवर टाकून तो कोपऱ्याकडे धावला, फकिराच्या पोटाला ढोपर लागलं, खोक्याला ठेचकाळला, आणि वायरीच्या कोरड्या भागाला धरून त्याने हिसका मारला. आगकाड्या उडाल्या. भोंगे मुके झाले.

सभामंडपात माणसांचे आवाज एकदम माणसांएवढे झाले. मालनबाई मागच्या मागे बसली, हात पोटाशी धरून, टक्क डोळ्यांनी. बुवांनी दांडा सोडला, तळहाताकडे पाहिलं, आणि मग मागे वळून निवृत्तीकडे. कुणीतरी "कोण रे तो? माइक का बंद?" म्हणून खेकसलं. फकिरा उठत होता शिवी द्यायला; म्हातारीच्या थरथरत्या हाताकडे पाहून तो खाली बसला. "सकाळपासून जास्तच मारत होता तसा," तो स्वतःशी म्हणाला. गजर मात्र थांबला नव्हता. मांडवातल्या लोकांना काही कळलंच नव्हतं. ते म्हणत होते, म्हणून आतलेही म्हणू लागले, आणि बुवाही, बिनमाइकच्या, घोगऱ्या, साध्या आवाजात. दोघींनी मालनबाईला धरून खांबाशी नेलं. मुलाची आई बाजूला झाली. रांगेत आता सुमन पहिली होती.

तिने रांगेतून निवृत्तीकडे पाहिलं. त्याच्या हातात वायर अजून लोंबत होती. तिने ती पाहिली. मग पदर खोचला, पुढे झाली आणि त्या पांढऱ्या ओल्या दगडावर वाकली. निवृत्तीने बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तिचे हात बुवांच्या पायांवर टेकले. काही क्षण काही नाही. मग तिच्या मानेखालून काहीतरी सरकत गेलं, खांद्यांतून, पाठीतून. हिरवं लुगडं पाठीवर थरारलं, अगदी तसंच, जसं कार्तिकात. ती नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ खाली राहिली. उठली तेव्हा पदराने तोंड पुसलं, बाजूच्या परातीतून ओंजळभर काला घेतला आणि सरळ कोपऱ्यात त्याच्याकडे आली. आजूबाजूचे बघत होते. खांबाला टेकलेली मालनबाई बघत होती.

"घ्या," सुमन म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, "तुमचंच खरं होतं. आज काय बी नाय झालं. करंटच होता तो."

"खरंच?" त्याने विचारलं.

"मंग? देवळात उभी राहून खोटं बोलंल का मी?"

काला देताना तिच्या बांगड्या मागे सरकल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत अंगावर काटा होता; वाफ्यात नुकत्याच लावलेल्या कांद्याच्या रोपासारखी एकेक लव ताठ उभी होती. त्याची नजर तिथे आहे हे तिला कळलं, आणि तिने सहज, ऊन लागतंय म्हणून ओढावा तसा, हातावरून पदर ओढून घेतला. निवृत्तीने काला तोंडात घातला. लोणच्याचा खार लागला, दही लागलं, मिरची लागली. गजर भोवती चालूच होता, आणि काला गिळता गिळता त्याला तिचा इतका हेवा वाटला, इतका, की डोळे भरून आले आणि समोरची ती दिसेनाशी झाली.